बिनखिशाची साडी आणि खिशातली पक्कड

शाळेच्या बाथरूममध्ये मी पाऊण तास अडकून पडले होते, ही गोष्ट तालुक्यातल्या सगळ्या शाळांना माहीत आहे, तेव्हा इथं लपवण्यात काही अर्थ नाही.

आमची शाळा वडीगोद्रीच्या पुढं, हायवे सोडून चार किलोमीटर आत. मी तिथं मराठी आणि इतिहास शिकवते. दिवाळीच्या सुट्ट्यांनंतरचा पहिलाच आठवडा होता. दुपारी खिचडी वाटून झाली, मुलं हात धुवायला पळाली आणि मी बाथरूममध्ये गेले. बाहेर पडताना कडीची मूठ ओढली, तर मूठ हातात आली. कडीचा दांडा चौकटीच्या भोकात तसाच. दांड्याचं टोक दिसत होतं, पण नखाएवढं. चिमटीत धरलं की निसटायचं.

सुदैवानं हातात फोन होता. हेडसरांना लावला.

"मॅडम, कुठंयत तुम्ही? सहावीचा वर्ग मोकळाय," ते म्हणाले.

"सर, मी अडकलेय."

"कशात?"

"बाथरूममध्ये."

मग ते म्हणाले, "मंग मी काय करू?"

प्रश्न रास्त होता. बायकांच्या बाथरूमच्या दारापाशी पुरुषांनी किती जवळ जावं, याचं कुठलंही परिपत्रक त्यांच्याकडं नव्हतं. त्यामुळं ते दहा पावलांवर उभे राहिले आणि तिथून सूचना देऊ लागले. खेळाचे सर पळत आले. "मॅडम, बाजूला सरका, लाथ घालतो," म्हणाले. आत सरकायला जागा असती तर मीच लाथ घातली असती. गणिताच्या सरांनी दाराच्या वरच्या फटीतून कंपासपेटीतला कर्कटक आत टाकला, तो माझ्या डोक्यावर पडला. नंतर एक कात्री आली, नंतर एक लोखंडी पट्टी. बाहेर आता आख्खी शाळा जमली होती, हे मला आवाजावरून कळत होतं. सातवीतली कुणीतरी मुलगी मोठ्यानं म्हणाली, "मॅडम, घाबरू नका!" हे वाक्य मी तिला आदल्याच दिवशी पाठांतराच्या वेळी म्हटलं होतं.

शेवटी खिचडी शिजवणाऱ्या मावशी आल्या. गर्दीला म्हणाल्या, "सरा बरं सगळे. काय धरायचंय मॅडम? बारीक हाय का मोठं?"

"बारीक आहे. दांड्याचं टोक आहे."

वरच्या फटीतून पातेलं उतरवायची सांडशी आत आली. हळदीची, गरम. मी तिनं दांड्याचं टोक पकडलं, ओढलं, आणि दार उघडलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. हेडसरांनी लगेच घंटा दिली.

आम्ही चौघं शिक्षक अंबडहून एका गाडीत अपडाउन करतो. गाडी गणिताच्या सरांची. त्या दिवशी परतताना चाळीस मिनिटं दुसरा विषय नव्हता. हसून झाल्यावर सर म्हणाले, "मॅडम, माणसानं जवळ काहीतरी ठेवावं. माझ्या भावाकडं घडीची पक्कड हाय. मल्टिटूल म्हणतात तिला. उघडली की पक्कड, आणि दोन्ही मुठींच्या पोटात चाकू, पेचकस, कानस, सगळं. खिशात मावते."

मला ते एकदम पटलं. घरी जाऊन मी माझ्या नवऱ्याला सांगितलं, आणि तिथंच माझी चूक झाली.

माझा नवरा जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत आहे. त्याचं काम असं की शंभर दाणे मोजायचे, ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे आणि ठरलेल्या दिवशी किती उगवले ते बघायचं. हे काम तो चोवीस वर्षं करतोय, आणि आता त्याला जगातली कुठलीही वस्तू ओल्या कागदात गुंडाळून ठेवल्याशिवाय घेता येत नाही. मिक्सर घ्यायला आम्हाला आठ महिने लागले. लग्नाआधी तो मला बघायला तीनदा आला होता. तिसऱ्यांदा माझ्या आईनं पोहे केले नाहीत, तेव्हा कुठं होकार आला.

मल्टिटूलचं ऐकून त्याचे डोळे चमकले. त्यानं नवी वही काढली.

"तुला नेमकं काय काम करायचंय?" त्यानं विचारलं.

"बाथरूममधून बाहेर यायचंय."

"ते एक झालं. बाकीची? असं अंदाजानं घेता येत न्हाई. आठवडाभर लिहून ठेव, कधी कधी गरज पडली ते."

मी लिहिलं. सोमवारी खडूच्या खोक्याची प्लॅस्टिकची पट्टी दातानं तोडली. मंगळवारी इंग्रजीच्या मॅडमच्या चष्म्याचा स्क्रू नखानं बसवला. बुधवारी काही नाही, उपवास होता. गुरुवारी नकाशा टांगायचा खिळा वाकला, तो डस्टरनं ठोकून सरळ केला, डस्टर फुटला. शुक्रवारी एका मुलीच्या रिबिनीला अशी गाठ बसली की शेवटी ती रिबीन कापायला ऑफिसातली कात्री शोधली. कात्री सापडली नाही, कारण ती अजून बाथरूममध्येच होती.

नवऱ्यानं हे सगळं वहीत उतरवून घेतलं. मग रोज रात्रीची जेवणं झाली की तो मोबाइल घेऊन बसायचा आणि परदेशातले दाढीवाले लोक जंगलात बसून मल्टिटूलनं काड्या तासताना बघायचा. पंधरा दिवसांनी त्यानं मला समोर बसवलं.

"यात दोन घराणी आहेत," तो म्हणाला. "एक पक्कडवाल्यांचं, एक चाकूवाल्यांचं. पक्कडवाल्यांत मधे पक्कड असते, बाकी सगळं मुठीत. चाकूवाल्यांत पक्कड नसते. अंगठ्याएवढं ते. चाकू, कात्री, नख घासायची पट्टी. ते काही खरं न्हाई. खेळणं आहे."

"कात्री आहे ना पण?"

"पक्कड न्हाई. तू अडकलीस कशानं? पक्कड नव्हती म्हणून. मंग?"

त्यानं पुढं वाचायला सुरुवात केली. पोलादाची जात कोणती, गंज धरतं का, चाकूचं पातं उघडल्यावर पक्कं अडकतं का, की बोटावर मिटतं. पातं अडकणं अत्यंत महत्त्वाचं, असं त्यानं दोनदा अधोरेखित केलं होतं. एका हातानं उघडतं का. करवत आहे का.

"करवत कशाला?"

"फांदी पडली रस्त्यात तर?"

"अहो, गाडीत चार मास्तर असतात. फांदी ओढून बाजूला नाही का करणार?"

"मोठी असली तर?"

"मोठी असली तर त्या बोटभर करवतीनं ती पुढच्या दिवाळीला कापली जाईल."

त्यानं करवतीसमोर प्रश्नचिन्ह काढलं, पण खोडली नाही. डिसेंबर गेला. जानेवारीत त्यानं निकाल जाहीर केला: पक्कडवाल्यांचं, मधल्या आकाराचं, वजन पाव किलोच्या आसपास, कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या पाकिटासकट.

"कुणाच्या कमरेच्या पट्ट्याला?" मी विचारलं.

तो थांबला. वहीकडं बघितलं, मग माझ्याकडं. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्यानं माझी साडी एक वस्तू म्हणून नीट पाहिली. वरून खाली, मग मागून.

"हिला खिसाच न्हाई," तो म्हणाला.

"नाही."

"कुठंच न्हाई?"

"पाच मीटर कापड आहे आणि एक खिसा नाही. तुमच्या शर्टाला दोन मीटरमधे एक आहे, पँटला चार."

"मंग तुम्ही लोक वस्तू ठेवता कुठं?"

"नवऱ्याच्या खिशात."

तो हसला नाही. ही त्याच्या अभ्यासातली मोठीच चूक होती, आणि ती त्याच्या मनाला लागली. दोन दिवस तो वहीची पानं उलटत बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "प्रत्यक्ष हातात धरून बघू. चल जालन्याला."

रविवारी आम्ही जालन्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार वयस्क होते. त्यांनी काचेच्या कपाटातून तीन मल्टिटूल काढून काउंटरवर मांडली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "देखो साहेब. हे बिलकुल मजबूत. खेतीत, गाडीत, कुठं बी चालतं."

"मला पाहिजे आहे," मी म्हटलं.

"हां हां, भाभी. तुमच्यासाठी पण आहे," असं म्हणून त्यांनी खालच्या खणातून गुलाबी डबीतला नेलकटरचा सेट काढला.

"हे नाही. हे." मी मधलं मल्टिटूल उचललं. उघडायला गेले तर उघडेना. पक्कड बाहेर येण्यासाठी दोन्ही मुठी फाकवाव्या लागतात, त्या इतक्या घट्ट की माझा अंगठा पांढरा झाला. दुकानदारांनी माझ्या हातातून ते काढून नवऱ्याच्या हातात दिलं. नवऱ्यानंही जोर लावला. त्यालाही उघडेना. मग दुकानदारांनी स्वतः घेतलं, दात आवळले, आणि खटकन उघडलं.

"नवीन हाय म्हणून. वापरून वापरून ढिलं होतं," ते म्हणाले.

माझा नवरा लगेच वहीत काहीतरी लिहू लागला. मला दिसत होतं की आता याचे अजून दोन महिने जाणार. मी पर्स उघडली आणि म्हटलं, "बांधा." तो "अगं, थांब की जरा, जल्दी कशाची?" म्हणेपर्यंत वस्तू माझ्या पिशवीत होती.

आता खिशाचा प्रश्न. आमच्या गल्लीत ब्लाऊज शिवणाऱ्या एक ताई आहेत. त्यांना मी म्हटलं, "परकराला उजव्या बाजूनं खिसा लावून द्या."

"पैशासाठी का मॅडम? प्रवासात बरा पडतो."

"नाही, पक्कड ठेवायची आहे."

त्यांनी मशीन थांबवली. माझ्याकडं बघितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "घरी सगळं बराबर हाय ना?"

सगळं बराबर आहे म्हणून मी त्यांना बाथरूमची गोष्ट सांगितली. त्यांनी जाड कापडाचा दुहेरी खिसा लावून दिला, वर बटण. शिलाई घेतली नाही. असं काम पहिल्यांदाच आलं म्हणाल्या.

खिसा उत्तम होता. फक्त त्यात हात घालायचा तर आधी साडी बाजूला करावी लागे, आणि साडी बाजूला करायची तर आडोसा लागे. म्हणजे कुणी "मॅडम, जरा पक्कड देता का?" म्हटलं की मला आधी बाथरूममध्ये जावं लागे. पहिल्या आठवड्यात असं तीनदा झालं. हेडसरांना वाटलं माझी तब्येत बिघडली आहे. त्यांनी मला लिंबूपाणी पाठवलं.

आणि वजन. पाव किलो म्हणजे काय, हे बाजारात कळत नाही, परकराच्या नाडीला कळतं. एके दिवशी सकाळी परिपाठ चालू होता. मुलं रांगेत, आम्ही शिक्षक समोर. राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा सुरू झाली, आणि मला जाणवलं की उजवी बाजू हळूहळू खाली निघाली आहे. मी उजवा हात मांडीला दाबून धरला. प्रतिज्ञेनंतर सुविचार, मग बातम्या, मग आठवीच्या एका मुलीचं भाषण. तिला वेळेचं भान नव्हतं. मी हलू शकत नव्हते. श्वासही अर्धाच घेत होते. भाषण संपल्यावर हेडसर पुढं आले आणि मुलांना म्हणाले, "बघा, मॅडम किती वेळच्या सावधानमध्ये उभ्या आहेत! आणि तुम्ही? माश्या उडवून राह्यले."

सगळ्या मुलांनी माझ्याकडं बघून पाठ ताठ केली. परिपाठ सुटल्यावर मी तशीच सावधानमध्ये ऑफिसात गेले आणि तिथं दार लावून नाडी बांधली. त्या दिवसापासून मल्टिटूल पर्समध्ये गेलं, तळाशी, रुमालाच्या खाली.

मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेला मला दुसऱ्या एका शाळेच्या केंद्रावर पर्यवेक्षणाचं काम लागलं. भूमितीच्या पेपरला भरारी पथक आलं. चार पुरुष आणि एक बाई. त्या बाई पन्नाशीच्या, कडक इस्त्रीची साडी, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी मुलांचे कंपास बघितले, बाकांखाली बघितलं, आणि मग खिडकीत ठेवलेल्या माझ्या पर्सकडं बोट केलं.

"ही कुणाची?"

"माझी."

"उघडा."

मी उघडली. त्यांनी आत हात घातला आणि रुमालासकट ते बाहेर काढलं. त्यांच्यातल्या एका साहेबांनी ते घेतलं, मुठी फाकवल्या. आता ते वापरून ढिलं झालं होतं. खटकन पक्कड उघडली, आणि त्याबरोबर चाकूचं पातंही. माझ्या नवऱ्यानं दोनदा अधोरेखित केल्याप्रमाणं ते पक्कं अडकलं. साहेबांना ते मिटता येईना.

सगळा वर्ग पेपर सोडून बघत होता.

"हे काय आहे मॅडम? परीक्षा हॉलमध्ये हत्यार?"

"सर, पक्कड आहे."

"याला चाकू आहे."

"चाकू आहे. कानस आहे, पेचकस आहे, करवत आहे..." करवतीचं नाव काढायला नको होतं.

"खुलासा द्या. लेखी."

पेपर संपल्यावर केंद्रसंचालकांच्या खोलीत बसून मी खुलासा लिहिला. सरकारी कागद लिहायला बसलं की माझी मराठी आपोआप ताठ होते. मी लिहिलं: "महोदय, उपरोक्त विषयी खुलासा सादर करण्यात येतो की, माझ्या पर्समध्ये आढळून आलेली वस्तू हे हत्यार नसून पक्कड आहे. सदर पक्कडीस चाकू, करवत, कानस इत्यादी उपांगे जन्मतःच जोडलेली असून त्यांचा भूमितीच्या पेपरशी कोणताही संबंध नाही. माझ्या मूळ शाळेतील प्रसाधनगृहात कडी निखळून मी पाऊण तास अडकून पडल्याने सदर वस्तू सोबत बाळगणे क्रमप्राप्त झाले. सदर वस्तूच्या साहाय्याने आजतागायत कोणासही कॉपी पुरविण्यात आलेली नाही. करिता खुलासा मान्य व्हावा, ही विनंती."

साहेबांनी तो मोठ्यानं वाचला. "जन्मतःच" ला त्यांचा आवाज हलला. "प्रसाधनगृहात" ला केंद्रसंचालक खिडकीबाहेर बघू लागले. पथकातल्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कागद घेतला, पुन्हा मनात वाचला आणि साहेबांना म्हणाल्या, "तुम्ही चहा घ्या, मी मॅडमशी बोलते."

सगळे पुरुष बाहेर गेले. बाईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"पाऊण तास?"

"हो."

"मी दीड तास. तेव्हा घनसावंगीकडं नोकरीला होते. फोन पण नव्हता तेव्हा." मग त्यांनी माझं मल्टिटूल तळहातावर तोललं. "हे तुम्ही ठेवता कुठं?"

मी परकराचा खिसा, नाडी, परिपाठ, सगळं सांगितलं. आता त्या हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र उचललं. ओळखपत्राच्या मागं, त्याच दोरीच्या कडीला, अंगठ्याएवढी लाल वस्तू लटकत होती. त्यांनी नखानं एक पातं उघडलं, मग इवलीशी कात्री, मग नख घासायची पट्टी, तिच्या टोकाला पेचकस.

"बाईच्या साडीला खिसा नसतो," त्या म्हणाल्या, "पण ओळखपत्राची दोरी सरकारनं सगळ्यांना दिलीय. दहा वर्षं झाली. कुणाला कळलं न्हाई."

"पण मॅडम, तुम्ही पण चाकू घेऊनच हॉलमध्ये फिरता की."

"पथकाची झडती कोण घेतंय?" त्या म्हणाल्या, आणि माझ्या खुलाशावर 'मान्य' लिहून सही केली.

ही लाल वस्तू चाकूवाल्यांच्या घराण्यातली, आणि त्या घराण्याला पक्कड नाही, हे मला ठाऊक होतं. मी तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, "कडी पुन्हा अडकली तर तुम्ही ओरडाल. लोक येतील. पण दोरा, पट्टी, चष्म्याचा स्क्रू, यासाठी कुणी येत न्हाई. रोजचं काय लागतं ते बघा."

घरी येऊन मी नवऱ्याची वही काढली आणि माझा तो आठवडा पुन्हा वाचला. खडूची पट्टी. चष्म्याचा स्क्रू. रिबीन. एक खिळा सोडला तर सगळा आठवडा त्या लाल वस्तूचा होता, आणि आम्ही दोघांनी मिळून एका पाऊण तासासाठी पाव किलो लोखंड घेतलं होतं. मी दुसऱ्या दिवशी त्याला न विचारता लाल मागवलं. चार दिवसांनी ते आलं आणि माझ्या ओळखपत्राच्या मागं जाऊन बसलं. तेव्हापासून ते तिथंच आहे. दिवसातून चार-पाचदा तरी उघडतं.

नवऱ्याला मी हे सांगितलं, तेव्हा त्यानं वहीची भरलेली पानं मोजली.

"दोन महिने," तो शेवटी म्हणाला.

"तुमचा अभ्यास बरोबर होता हो. माणूस चुकला फक्त. तुम्ही पट्टा बांधणाऱ्या माणसासाठी निवडलं."

त्यानं मल्टिटूल उचललं. कपाटातून त्याचं ते पट्ट्याला अडकवायचं पाकीट आणलं. कमरेला लावून आरशात बघितलं. पोट थोडं आत घेतलं. "मंग मीच वापरतो," म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो ते लावून ऑफिसला जाऊ लागला. तिथं दाणे मोजायला पक्कड लागत नाही. महिनाभर त्याला ते उघडायची एकदाही गरज पडली नाही, पण रोज संध्याकाळी कापडानं पुसून ठेवायचा.

मे महिन्यात कुंभार पिंपळगावला माझ्या मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. नवऱ्यानं सफारी घातला आणि पट्ट्याला पाकीट लावलं. "लग्नात कशाला?" मी म्हटलं. त्यानं ऐकलं नाही. मंडपात तो नातेवाइकांत बसला तेव्हा सफारीच्या खालून ते पाकीट गाठोड्यासारखं वर आलं होतं. माझ्या एका आतेबहिणीनं मला हळूच विचारलं, "भाऊजींना काय पट्टा लावायला सांगितलाय का डॉक्टरनं?"

मुहूर्त साडेबाराचा. सव्वाबाराला पाण्याचा टँकर मागं घेताना त्याच्या चाकात जनरेटरची वायर अडकली आणि तुटली. माइक गेला, कूलर गेले. गुरुजी बिनमाइकचे काहीतरी म्हणत होते, ते पहिल्या दोन रांगांनाच ऐकू येत होतं, त्यामुळं मागचे लोक भलत्याच वेळी अक्षता टाकत होते. मंडपवाला घामेघूम झालेला. त्याची हत्यारांची पिशवी दुसऱ्या लग्नात राहिली होती.

"कुणाकडं पक्कड हाय का, पक्कड?" तो मंडपाच्या मधोमध उभा राहून ओरडला.

माझा नवरा उभा राहिला. मी त्याला लग्नाच्या मंडपात इतका सरळ उभा आमच्या स्वतःच्या लग्नातही पाहिला नव्हता. त्यानं पाकिटाचं बटण उघडलं, पक्कड काढली, एका हाताच्या झटक्यानं उघडली. मला कळलं, यानं घरी सराव केला आहे.

"आधी जनरेटर बंद करा," तो म्हणाला.

"बंदच हाय साहेब."

"मी बघतो." तो स्वतः जाऊन बघून आला. मग दोघं जमिनीवर बसले. त्यानं वायरचं कातडं सोललं, तांबं पिळलं, पक्कडीनं आवळलं, वर टेप. दहा मिनिटांत माइक बोलू लागला आणि गुरुजींचा आवाज थेट गावच्या वेशीपर्यंत गेला. लोकांनी वळून माझ्या नवऱ्याकडं बघितलं. त्याच्या सफारीच्या गुडघ्यांना माती होती.

त्यानंतर तो मला दोन तास दिसलाच नाही. मंडपवाल्यानं पक्कड हातात घेतली ती परत देईना, आणि नवरा पक्कड सोडून जागचा हलेना. पक्कड कूलरकडं गेली की तो कूलरकडं. पक्कड आचाऱ्याच्या भट्टीच्या नळाकडं गेली की तो भट्टीकडं. वराच्या काकांच्या बुटातला खिळा वर आला होता, तोही तिनंच उपसला, आणि तेव्हा बूट धरून माझा नवरा बसला होता. पंगती उठल्या. मी त्याला दोनदा जेवायला बोलावलं. "आलोच," म्हणाला. आला नाही.

साडेतीनला आम्ही भाड्याच्या गाडीनं निघालो. तो गाडीत बसला, हात काळे, कॉलर घामानं बसलेली. पक्कड रुमालानं पुसत होता. पुसता पुसता म्हणाला, "वायर सोलायची जी खाच आहे ना, ती लई कामाची. मी वहीत तिला दहापैकी सहा दिलेत. चूक झाली."

"किती द्यायला पाहिजे होते?"

"नऊ." थोड्या वेळानं म्हणाला, "एक गुण पक्कड मागून नेणाऱ्या माणसासाठी कापला."

चोवीस वर्षं उगवलेले-न उगवलेले दाणे मोजणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर मी असा आनंद फारसा पाहिलेला नव्हता. मला त्याची वही आठवली, त्याचे दाढीवाले लोक आठवले, आणि मी दुकानात "बांधा" म्हणून घाई केली होती तेही आठवलं.

"जेवलात का?" मी विचारलं.

"न्हाई. वेळच न्हाई भेटला."

लग्नात दोन पदार्थ गोडाचे होते, मसालेभात होता, आणि ज्याच्यामुळं कूलर चालले तो माणूस उपाशी निघाला होता. अंबडच्या अलीकडं रस्त्यावर एक हॉटेल दिसलं. मी गाडी थांबवायला लावली. त्यानं नळावर कोपरापर्यंत हात धुतले, तरी नखांतलं काळं गेलं नाही. मी शेवभाजी आणि चार भाकरी सांगितल्या. मंडपात मी पोटभर जेवले होते, पण त्याला एकट्याला जेवू द्यावंसं वाटलं नाही, म्हणून त्याच्या ताटातली अर्धी भाकरी मीही खाल्ली.